मोटारींतील मागचा गारवा

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें हसूं येईल. ज्याचें सारें आयुष्य मुलांकडून पाढे म्हणवून घेण्यांत व शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईनें खुणावण्यांत गेलें, आणि ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं, अशा एका निवृत्त मास्तरानें मोटारींतील शीतयंत्राच्या दुरुस्तीवर बोलावें, हें जरा चमत्कारिकच आहे. परंतु संकट माणसाला शहाणें करतें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरावर असा एक प्रसंग आला कीं, ही विद्या शिकणें मला भाग पडलें. शिकतांना जें कळलें, तें मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबास उपयोगी पडेल असें वाटल्यावरून मी आज आपल्यापुढें बसलों आहें.

आमचें गांव नायगाव. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नांदेडपासून सुमारें ५० किलोमीटरवर तें आहे. मराठवाड्याचा उन्हाळा ज्यांस ठाऊक आहे, त्यांस मे महिन्याचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. पारा ४२-४३ अंशांवर जातो, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणतों, सत्तरीच्या पुढें गेलेली आहे. मूत्रपिंडाच्या विकारामुळें तिला आठवड्यांतून दोनदां नांदेडला रुग्णालयांत न्यावें लागतें. घरीं एक जुनी, आठ आसनांची मोटार आहे. माझा मुलगा ती चालवितो, मी त्याच्या शेजारीं बसतों, आणि आक्का मागच्या आसनावर उशी घेऊन पडते.

मे महिन्यांतील एका दुपारीं नांदेडहून परततांना, कृष्णूरच्या पुढें आल्यावर, मीं मागें न वळतांच आक्काला कांहीं विचारलें. उत्तर आलें नाहीं. वळून पाहतों, तों तिची मान कलंडलेली, चेहरा तांबडा झालेला आणि अंगावरचें लुगडें घामानें भिजलेलें! मोटार थांबवून आम्हीं तिला बाभळीच्या सावलींत घेतलें, कपाळावर व मानेवर ओलें फडकें ठेवलें आणि तसेंच पुन्हां नांदेड गांठलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, अशक्तपणांत ऊष्मा झाल्यामुळें हें घडलें. आणखी अर्धा तास गेला असता तर प्रसंग कठीण होता. संध्याकाळीं ती सावध झाल्यावर मीं जरा रागानेंच म्हटलें, “आक्का, एवढं उकडत होतं, तर बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “तुम्ही दोघं गार बसला होता. मला वाटलं, मागं असंच असतं.”

हें वाक्य माझ्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. शाळेंत असतांना दर जून महिन्यांत, वर्ग सुरू होण्यापूर्वीं, मी शेवटच्या बाकावर जाऊन बसत असें आणि तेथून फळा दिसतो कीं नाहीं, तें पाहत असें. मुलाला दिसत नसेल, तर तो तसें सांगत नाहीं. शेवटच्या बाकावर असेंच असतें, असें समजून तो गप्प बसतो. ही गोष्ट मला पक्की ठाऊक होती. तरीसुद्धां स्वतःच्या मोटारीच्या मागच्या आसनावर मी दोन वर्षांत एकदांही बसलों नव्हतों. दुसऱ्या दिवशीं भर दुपारीं आक्काच्या जागीं बसून मीं तीस किलोमीटरांची फेरी मारली. पहिलीं दहा-पंधरा मिनिटें छतांतील जाळ्यांतून थोडा गार वारा आला. पुढें तो मंद होत गेला, आणि शेवटीं माझ्या खांद्यावर पाण्याचे थेंब पडूं लागले. पुढें बसलेला माझा मुलगा मात्र म्हणत होता, “दादा, आज एसी मस्त चाललाय.”

आतां हा गारवा येतो कोठून, तें प्रथम पाहूं. एसी थंडी निर्माण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. पण वास्तविक उष्णता काढून घेतली म्हणजे जें उरतें, त्यालाच आपण थंडी म्हणतों. आपल्या घरचा माठ हेंच करतो. माठाच्या अंगांतून झिरपलेलें पाणी कोरड्या हवेंत वाफ होऊन उडतें आणि उडतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. एक किलो पाण्याची वाफ होण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेंत बर्फासारखें गार असें पांच किलोंहून अधिक पाणी उकळीपर्यंत तापेल. यावरून द्रवाचा वायु होतांना केवढी उष्णता शोषली जाते, याची कल्पना येईल.

माठांतलें उडालेलें पाणी परत येत नाहीं, म्हणून माठ रोज भरावा लागतो. मोटारींतील यंत्रांत मात्र उडालेला पदार्थ नळ्यांतच कोंडलेला असतो. त्याचा पुन्हां द्रव करून तोच पुन्हां पुन्हां फिरविला जातो. आजच्या पुष्कळ मोटारींत हा पदार्थ म्हणजे आर-१३४ए नांवाचा वायु होय. उघड्या हवेंत तो शून्याखालीं २६ अंशांवरच उकळतो. पण आपल्या घरच्या प्रेशर कुकरचा अनुभव आठवा: दाब वाढला कीं, उकळण्याचा अंशही वाढतो. हवेच्या दाबाच्या सुमारें तिप्पट दाब असतां हा वायु शून्य अंशाजवळ उकळतो, आणि पंधरापट दाबाखालीं ठेवला, तर ५५ अंशांच्या उष्णतेंतही त्याचा द्रव होतो. साऱ्या यंत्राची किल्ली या दोन आंकड्यांत आहे.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायूला दाबतो, आणि त्यामुळें तो चांगलाच तापतो. तापलेला वायु रेडिएटरच्या पुढें उभ्या असलेल्या कंडेन्सरच्या जाळींत जातो. बाहेर ४३ अंशांचें ऊन असलें, तरी आंतला वायु त्याहून अधिक तप्त असल्यामुळें तो आपली उष्णता त्या उन्हासच देऊन टाकतो आणि स्वतः द्रव होतो. पुढें हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेनें कूलिंग कॉइलमध्यें शिरतो. तेथें दाब एकदम उतरतो, द्रव उकळूं लागतो, कॉइल गार पडते, आणि पंखा तिच्यावरून हवा फुंकून ती आपणांकडे पाठवितो. वायु परत कॉम्प्रेसरकडे जातो. हें चक्र अखंड चालतें.

ज्या मोटारीला मागेंही एसी असतो, तिला दोन संपूर्ण यंत्रें असतात, असें पुष्कळांस वाटतें. तसें सहसा नसतें. कॉम्प्रेसर एकच, कंडेन्सरही एकच. फक्त नळीला फांटा फोडून मागच्या छतांत किंवा बाजूच्या पत्र्याआड दुसरी कॉइल, दुसरा व्हॉल्व्ह आणि दुसरा पंखा बसविलेला असतो. एकाच पाटाच्या पाण्यावर दोन शेतें भिजवावीं, तसा हा प्रकार आहे. पाट आटूं लागला कीं, शेवटचें शेत अगोदर वाळतें. शिवाय मागच्या नळ्या लांब असून त्या मोटारीच्या पोटाखालून जातात. रस्त्यावरचे खडे, चिखल आणि पाणी यांचा मारा त्यांच्यावरच होतो. पुढच्या यंत्राला बहुधा धूळ गाळणारी जाळी असते; मागचें यंत्र मोटारींतलीच हवा ओढून घेतें, आणि पुष्कळदां त्याला गाळणी नसते. म्हणून धूळ, केस आणि चादरीचे तंतू सरळ त्या कॉइलवर जाऊन बसतात. मागचें यंत्र आधीं बिघडतें, त्याचें कारण हें आहे; आणि पुढें बसणाऱ्यांस तें कळत नाहीं, म्हणून तें दुरुस्त होण्यास वेळही अधिक लागतो.

येथें थोडी इतिहासाची आठवण करून देतों. १९३४ सालीं मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला एक थंड डबा जोडला गेला. त्याच्या तळाशीं बर्फाच्या लाद्या ठेवीत, त्यांवरून हवा फुंकून ती आंत सोडीत, आणि वाटेंतील ठराविक स्टेशनांवर बर्फ पुन्हां भरीत. घरच्या एसीस आपण “दीड टनाचा” म्हणतों, तोही या बर्फाचाच वारसा आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी त्याच गतीनें काढून घेणारें यंत्र एक टनाचें, असें तें माप आहे. पुढें १९३९ सालीं अमेरिकेंत शिकागोच्या प्रदर्शनांत पॅकार्ड कंपनीनें कारखान्यांतच एसी बसविलेली मोटार दाखविली. तिच्यांतील कूलिंग कॉइल मागच्या आसनाच्या पाठीमागें होती! यंत्र बंद करण्याची सोय मात्र नव्हती. थंडीच्या दिवसांत इंजिनावरील पट्टाच काढून ठेवावा लागे. सारें यंत्र पुढच्या भागांत बसविण्याची सुटसुटीत पद्धत नॅश कंपनीनें १९५४ सालीं आणली आणि तीच रूढ झाली. तेव्हां मोटारींतील गारवा प्रथम मागूनच आला होता. पुढें बसणारांकडे तो नंतर वळला.

आतां आम्हीं घरीं काय केलें, तें क्रमानें सांगतों. कोणत्याही दुरुस्तीच्या आधीं निदान हवें. त्यासाठीं मागें बसून तीन प्रश्न विचारावेत. वारा जोरानें येतो काय? आलेला वारा गार असतो काय? आणि पाणी कोठें गळतें? वारा कमी पण गार असेल, तर दोष पंख्यांत किंवा धुळींत असतो. वारा जोराचा पण कोमट असेल, तर वायु कमी झालेला असतो किंवा व्हॉल्व्ह अडलेला असतो. मोटार धांवत असतां गार आणि उभी राहिली कीं कोमट, असें होत असेल, तर कंडेन्सर व त्याचा पंखा पाहावा. पाणी अंगावर पडत असेल, तर पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते. आमच्या मोटारींत वारा कमी होता, पुढें पुढें तो गारही राहत नव्हता, आणि पाणीही गळत होतें. म्हणजे तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें वाईट होतीं!

रविवारीं सकाळीं मोटार निंबाखालीं उभी करून आम्ही बापलेक कामास लागलों. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली. विजेच्या वस्तूस हात लावण्यापूर्वीं हें करावेंच. छताचें प्लॅस्टिकचें झांकण काढतांना स्क्रू कोठला कोठें होता, तें एका पाटीवर खडूनें काढून ठेवलें. ज्या नव्या मोटारींत अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या छताच्या कडेला दडविलेल्या असतात, तेथें मात्र हें काम घरीं करूं नये.

झांकण निघालें आणि आंतील दृश्य पाहून मला लाज वाटली. कॉइलच्या पातळ पात्यांवर धुळीचा व केसांचा नमदा जमला होता. हवेला जाण्यास वाटच नव्हती. हवा फिरली नाहीं कीं, कॉइलला उष्णता मिळत नाहीं. मग तिच्यावर जमलेलें पाणी गोठून बर्फ होतो, आणि बर्फानें उरलेली वाटही बंद होते. दहा-पंधरा मिनिटांनीं वारा कां थांबत असे, त्याचा उलगडा येथें झाला. मोटार थांबली कीं तो बर्फ वितळे, आणि नळी तुंबलेली असल्यामुळें पाणी आक्काच्या खांद्यावर टपके.

आम्हीं आधीं मऊ ब्रशानें, पात्यांच्या दिशेनेंच, धूळ सोडविली व घरच्या व्हॅक्यूम क्लीनरनें ती ओढून घेतली. नंतर तारा व मोटर प्लॅस्टिकनें झांकून, झाडांवर फवारा मारावयाच्या लहान बाटलीनें साधें पाणी मारलें. पातीं ॲल्युमिनियमचीं व कागदासारखीं पातळ असतात. तीं वांकलीं तर वाट कायमची अडते, आणि कॉस्टिक सोडा लावला तर धातूच खाल्ली जाते. म्हणून जोराचा फवारा व तीव्र क्षार दोन्ही वर्ज्य समजावे. पाणी वाहून नेणारी नळी खांबाच्या आंतून खालीं जाते. तिच्यांत मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी घालून गाळ मोकळा केला, आणि वरून पेलाभर पाणी ओतून तें मोटारीखालीं पडतें हें डोळ्यांनीं पाहिलें.

पुढचा दोष विजेचा होता. पंख्याच्या चार वेगांपैकीं फक्त शेवटचा वेग चालत असे. हा दोष ओळखण्यास फार सोपा आहे. खालच्या वेगांसाठीं वीज एका रेझिस्टन्समधून नेतात, त्यामुळें ती कमी होऊन पंखा हळू फिरतो. शेवटच्या वेगाला ती सरळ जाते. म्हणून एकटा शेवटचा वेग चालत असेल, तर रेझिस्टन्स जळाला असें समजावें. तो वाऱ्याच्या मार्गांतच बसविलेला असतो, कारण वारा त्याला गार ठेवतो. वारा तुंबला म्हणून तो जळाला, इतकेंच त्याचें कारण. नवा भाग आणून दोन स्क्रूंनीं बसविला आणि चारही वेग सुरू झाले.

घरीं करण्यासारखें काम येथें संपलें. राहिलेला दोष वायूचा होता, आणि याच बाबतींत आमची तीन वर्षें फसवणूक झाली होती. दर उन्हाळ्याच्या आरंभीं आम्ही एका कारागिराकडे जात असूं. तो नळी जोडून “गॅस कमी झालाय, गुरुजी” असें म्हणे, गॅस भरी आणि पैसे घेई. मीं एकदांही त्याला विचारलें नाहीं कीं, गॅस गेला कोठें? श्रोतेहो, ही एक गोष्ट आपण कायमची लक्षांत ठेवावी, अशी माझी विनंती आहे. एसींतील गॅस पेट्रोलप्रमाणें जळत नाहीं व खर्च होत नाहीं. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षें त्याचा अल्पसा अंश झिरपतो, हें खरें. पण दर वर्षीं तो भरावा लागत असेल, तर कोठें तरी गळती आहे, आणि ती बंद न करतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

गळती कोठें आहे, तें मात्र घरीं पाहतां येतें. वायूबरोबर कॉम्प्रेसरचें तेलही नळ्यांतून फिरत असतें. जेथून वायु निसटतो, तेथें थोडें तेलही बाहेर येतें, आणि त्यावर धूळ चिकटून काळा, ओलसर डाग पडतो. मोटार बंद करून, ती घसरूं नये म्हणून चाकांस दगड लावून, आम्हीं बॅटरीच्या उजेडांत मागच्या नळ्या पाहत गेलों. मागच्या चाकाजवळ जेथें दोन नळ्या जोडल्या होत्या, तेथें नेमका तसा डाग सांपडला. साबणाचें पाणी लावतांच बारीक बुडबुडे आले. पन्नास किलोमीटरांच्या त्या रस्त्यावरील चिखल आणि खडे यांनीं तो सांधा झिजविला होता.

त्या सांध्याला मीं पाना लावला नाहीं, आणि आपणही लावूं नये. नळ्यांत वायु मोठ्या दाबाखालीं असतो. तो बाहेर पडतांना इतका गार होतो कीं, कातडी व डोळा क्षणांत गोठून इजा होते. ज्योतीच्या संपर्कांत आला, तर त्यापासून विषारी वाफा निर्माण होतात. स्वस्तांत मिळणाऱ्या बनावट गॅसच्या डब्यांत क्वचित् मेथिल क्लोराइड मिसळलेलें आढळलें आहे. तें ॲल्युमिनियमशीं संयोग पावून स्फोट घडवूं शकतें. आणि कित्येक जण स्वयंपाकाचा गॅस एसींत भरण्याचें धाडस करतात! माणसें बसण्याच्या बंद पेटींत पेट घेणारा वायु खेळविणें, यासारखा अविचार दुसरा नाहीं.

शिवाय हा वायु उघड्यावर सोडणें हा आपल्या मुलाबाळांचाही अपराध आहे. जुन्या मोटारींत आर-१२ नांवाचा वायु असे. तो वातावरणांतील ओझोनचें आवरण नष्ट करतो, असें १९७४ सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. १९८७ सालीं माँट्रियलचा करार झाला, १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला, २००० सालीं आपल्याकडे त्याविषयीं नियम झाले, आणि त्याच्या जागीं आर-१३४ए आला. हा ओझोनला अपाय करीत नाहीं. पण वातावरण तापविण्याची त्याची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १४०० पट आहे. म्हणून २०१६ सालीं किगाली येथें अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचें ठरलें, आणि २०२१ सालीं भारतानेंही त्यास मान्यता दिली. आपल्या मोटारींतला अर्धा किलो वायु हवेंत सोडणें म्हणजे पृथ्वीवर सातशें किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखेंच आहे. गांवाला गार ठेवणारी थंडी विकत घेऊन तिच्याच मोबदल्यांत पुढचे उन्हाळे तापविणें शहाणपणाचें नाहीं.

म्हणून आम्हीं मोटार नांदेडला अशा कारखान्यांत नेली, जेथें जुना वायु यंत्रानें ओढून साठवून घेतात. तेथें कोणतें काम करून घ्यावें, हें गिऱ्हाइकास ठाऊक असलें पाहिजे. उरलेला वायु काढून घेणें; झिजलेला सांधा व त्यांतील रबरी कडी बदलणें; ओलावा शोषून घेणारा ड्रायर नवा बसविणें; गळालेल्या तेलाची भरपाई करणें; नंतर निर्वात पंपानें नळ्यांतील हवा व ओलावा अर्धा-पाऊण तास ओढून काढणें; आणि पंप बंद केल्यावर निर्वात स्थिति टिकते कीं नाहीं, तें पाहणें. ती टिकली नाहीं, तर गळती अद्याप आहे. शेवटीं वायु भरावयाचा तो अंदाजानें न भरतां, कांट्यावर मोजून भरावा. किती ग्रॅम भरावा, तें बहुधा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेलें असतें. मागें एसी असलेल्या मोटारीस तो अधिक लागतो, हेंही सांगावें; कारण पुढच्या एकट्या यंत्राच्या मापानें भरला, तर पुन्हां मागचेंच शेत कोरडें राहावयाचें. आणि जास्त भरला, तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो व कॉम्प्रेसरवर ताण पडतो.

दुरुस्तीनंतर सुधारणेचा विचार केला. मागच्या यंत्राला हवा ओढण्याची जी जाळी आहे, तिच्यावर धुतां येईल अशी विरळ कापडी गाळणी बसविली. ती दर महिन्यास काढून धुतों. छताच्या आंतील वाऱ्याच्या मार्गाचे सांधे सुटले होते, आणि निम्मा गार वारा अस्तराआडच वांया जात होता. ते फोमच्या पट्ट्या लावून बंद केले. छताच्या पत्र्याखालीं उष्णता अडविणारें अस्तर चिकटविलें. मोटारीच्या पोटाखालून परत जाणाऱ्या गार नळीवरील फाटलेलें आवरण बदललें. पुढच्या कंडेन्सरवरील किडे व माती हलक्या पाण्यानें धुतली. कोणी सुचविलें कीं, मागें मोठा पंखा बसवा. त्याला मीं नकार दिला. कारण मोठ्या पंख्याला वीज अधिक लागते, मग फ्यूज उडतो, आणि लोक जाड फ्यूज घालून मोकळे होतात. फ्यूज हा घरच्या राखणदारासारखा आहे. तो वारंवार ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधलें, तर तारांना आग लागते. काचांवर काळें आवरण चढविण्याचाही मोह होतो. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें पुढील व मागील काचेंतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आंत आलाच पाहिजे. त्यापेक्षां मोटार सावलींत उभी करणें आणि निघण्यापूर्वीं दोन मिनिटें चारही दारें उघडून आंतली तापलेली हवा घालविणें, हे उपाय फुकटचे व अधिक गुणकारी आहेत.

आणखी दोन सूचना देतों. एसी तपासण्यासाठीं बंद शेडमध्यें इंजिन चालू ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वासावांचून प्राण घेतो. आणि एसी कितीही उत्तम असला, तरी लहान मूल किंवा आजारी माणूस बंद मोटारींत एकटें ठेवूं नये. इंजिन थांबलें कीं, उन्हांतली मोटार कांहीं मिनिटांतच भट्टी बनते.

काम झाल्यावर मीं आधींप्रमाणेंच भर दुपारीं मागच्या आसनावर बसून स्वयंपाकाचें उष्णतामापक जाळीशीं धरलें. पूर्वीं तेथें अर्ध्या तासानंतर पारा २८ अंशांवर असे. आतां तो १२ अंशांवर स्थिर राहिला. या साऱ्या कामास जो खर्च आला, तो तीन उन्हाळ्यांत वांया घालविलेल्या गॅसच्या पैशांहून कमीच होता.

परंतु मी उष्णतामापकावर संतुष्ट राहिलों नाहीं. पुढच्या फेरीस मी पुढें न बसतां आक्काजवळ बसलों. कृष्णूर मागें पडलें. ती डोळे मिटून पडली होती. थोड्या वेळानें तिनें पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मुलाला म्हणाली, “बाबा, जरा कमी कर रे. मागं गारठा होतोय.” मला वाटतें, माझ्या साऱ्या नोकरींत एवढी मोठी शाबासकी मला मिळालेली नाहीं.

आपल्या घरांतून पुढच्या आसनावर बहुधा कर्ते पुरुष बसतात. मागें बसतात त्या म्हाताऱ्या आया, सुना आणि मुलें. हीं माणसें तक्रार करीत नाहींत, कारण तेथें असेंच असतें, असें त्यांस वाटतें. म्हणून या रविवारीं, दुपारच्या वेळीं, आपण स्वतः मागें बसून पाव तास मोटार फिरवून आणावी, एवढीच माझी प्रार्थना आहे. दुरुस्तीचें पहिलें पाऊल तेंच आहे, आणि त्यास कोणत्याही हत्याराची गरज लागत नाहीं.